श्वासाची जागा

१

"आवाज लहान आहे. पण दाराएवढा आहे, तेवढा पुरे."

हे वाक्य माझ्याविषयी होतं आणि माझ्यासाठी नव्हतं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी सूपचं भांडं घेऊन बोळात उभी होते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे दार पायानं ढकलावं की हाक मारावी या विचारात होते. आत सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. त्यावर मामंजी जरा चिडूनच म्हणाले, "अगं वाल्बुर्गा, ही काय गाते ते कुणाला ऐकायचंय?"

नव्या सुनेच्या कानांवर असलं काही पडतंच. मी दार पायानं ढकललं, भांडं टेबलावर ठेवलं आणि मामंजींना कलेजीचे गोळे नेहमीपेक्षा जास्त वाढले. ते "पुरे, पुरे" म्हणाले तरी वाढले.

लहान आवाज म्हणाले याचा मला राग आला होता. दार म्हणाले, त्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

२

माझे सासरे काएटान श्तोल्त्स हे डॅन्यूबकाठच्या आमच्या गावातल्या चर्चचे संगीतमास्तर. ऑर्गन वाजवायचे, गाणारे जमवायचे, मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत, लिहायचे. माझे वडील त्याहून लहान गावातले शाळामास्तर. आमच्याकडे शाळामास्तर म्हणजे ऑर्गनही तोच, घंटाही त्याचीच आणि पुरताना गाणंही त्याचंच. वडिलांबरोबर मी इतकी माणसं गाऊन पोचवली आहेत, की लहानपणी मला वाटायचं, लोक मरतात ते आम्हाला शाळेतून सुट्टी मिळावी म्हणून.

अशाच एका अंत्यविधीला फ्लोरिआन, म्हणजे माझा नवरा, व्हायोलिन घेऊन आला होता. त्यानं माझं गाणं ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं, तो माझ्यावर भाळला. कदाचित भाळलाही असेल. पण मागणी घालायला मामंजी स्वतः आले, आणि त्यांनी माझी वरची पट्टी तपासली, दात नाही तपासले एवढंच. मी हुंडा म्हणून आणलं ते गळ्यात आणलं. दुसरं आणण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

या घरात माझ्याआधी एक गळा होता. फ्लोरिआनची थोरली बहीण अपोलोनिया. सगळे तिला लोनी म्हणत. उपासाच्या दिवसांत छातीच्या दुखण्यानं गेली. तेव्हापासून गावात वरचा सूर कुणी गायला नव्हता. आता तिच्या वर्षदिनाला मामंजींची नवी रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची मिस्सा, व्हायची होती, आणि वरचा सूर मी धरायचा होता.

मामंजींच्या कपाटात थोरामोठ्यांच्या रेक्विएम ओळीनं लावलेल्या होत्या. व्हिएन्नाच्या, साल्झबुर्गच्या, पार इटलीच्या. एकदा मी धूळ पुसत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"एकानं ढोल लावून देवाला भिववलंय बघ," ते म्हणाले. "हा रडलाय. हा सौदा करतोय. आणि हा तर अर्धी टाकून स्वतःच मेला. सगळे थोर. पण सगळ्यांनी मेलेल्याला जा म्हटलंय, पोरी. थांब असं एकानंही म्हटलेलं नाही."

मी त्यांच्या हस्तलिखिताची शेवटची पानं उलटून पाहिली. मिस्सा संपल्यावर शवपेटीभोवती उभं राहून 'लिबेरा' म्हणतात, 'मला सोडव' म्हणतात, ते त्यात नव्हतंच.

"लिबेरा राहिलं का, मामंजी? नाहीतर साध्या चालीचं म्हणू. आमच्याकडे म्हणतात."

"आमच्याकडे म्हणणार नाहीत," ते म्हणाले आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन कपाट स्वतः पुसू लागले.

३

पहिली तालीम घरातच, बैठकीच्या खोलीत झाली. खालचा सूर कसाई पिख्लर यांचा. त्यांचे हात हॅमसारखे आणि आवाज तळघरातून आल्यासारखा. मधला सूर बेकरीवाल्या ऊर्सुलाबाईंचा. फ्लोरिआन व्हायोलिनवर, मामंजी पियानोवर.

"काय मास्तर, पुरी झाली म्हणे तुमची रेक्विएम?" पिख्लर आत येता येताच म्हणाले. "पुरी करू नये हो. पुरी झाली की देव विचारतो, मग, कधी निघताय?"

"पिख्लर, तुम्ही बसा. खुर्ची मोडली तर तिचीही मिस्सा लिहीन."

"सूनबाई, ऐकलंत? या घरात खुर्च्यांनासुद्धा लॅटिनमध्ये पोचवतात."

मी हसले. या घरात मी मोकळेपणानं हसले ते या तालमीलाच शेवटचं.

'शाश्वत प्रकाश त्यांच्यावर पडो' या शब्दांवर मामंजींनी एक लांब ओळ लिहिली होती. बाकीचे सूर थांबतात, वाद्यं थांबतात, आणि वरचा आवाज एकटाच चढत जातो. त्या ओळीत श्वास घ्यायला जागा नव्हती. कुणीही गाणारा असली ओळ बघून हसेल. अशा वेळी आपण चोरून घेतो: एखाद्या अक्षराच्या आड, डोळ्याची पापणी लवावी तसा.

मी तसाच घेतला. तोंड मिटलं, श्वास ओढला, पुन्हा उघडलं.

आणि ओळ तुटली नव्हती.

माझा आवाज थांबला तेव्हा सूर थांबला नाही. मी परत आले तेव्हा तो माझी वाट बघत उभा होता, आणि मी त्यात जाऊन मिसळले. मी ऊर्सुलाबाईंकडे पाहिलं. त्या पुढच्या पानावर बोट ठेवून होत्या. फ्लोरिआन तारा पुसत होता.

पियानोची तार घुमत राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खोलीत मातीची उंच शेगडी आहे, तिच्या पोकळीत आवाज राहतो. शाळामास्तरची मुलगी आहे मी. अशी कारणं मला पाठ असतात.

मामंजींनी पियानोचं झाकण हळू लावलं. "छान," ते म्हणाले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते.

४

दुसरी तालीम चर्चमध्ये. गाणाऱ्यांचा सज्जा दारावर, उंच. तिथे मला कठड्याशी उभं केलं, तोंड खाली चर्चकडे, पाठ सगळ्यांकडे.

"वरचा सूर इथेच असतो," ऊर्सुलाबाई म्हणाल्या. "लोनीची जागा." मग जीभ चावल्यासारखं करून माझी शाल सारखी केली.

ऑर्गन वाजवताना मामंजींचीही पाठ वेदीकडे. म्हणून त्यांच्या डोक्यावर आरसा टांगलेला. त्यातून पाद्रीबाबा काय करताहेत ते दिसतं. त्या दिवशी आरसा मला खाली झुकलेला वाटला. त्यातून वेदी दिसण्यासारखी नव्हती. दिसण्यासारखी होती ती चर्चच्या मधोमध मांडलेली चौकट.

वर्षदिनाला प्रेत नसतं. म्हणून शवपेटीच्या आकाराची लाकडी चौकट मांडतात, वर काळं कापड घालतात, भोवती मेणबत्त्या. आत काही नसतं. फळ्याही नसतात, नुसत्या पट्ट्या. मीच लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये तिच्याखाली लपंडाव खेळले आहे आणि मारही खाल्ला आहे. पण तालमीला ती कुणी मांडत नाही.

"तालमीला कशाला हे?" मी फ्लोरिआनला विचारलं.

"बाबांनी सांगितलंय."

"पण कशाला?"

"थेक्ला, बाबांनी सांगितलंय," तो म्हणाला आणि व्हायोलिन कानाशी धरून तारा लावू लागला. त्या आधीच लागलेल्या होत्या.

ती ओळ आली. या वेळी मी ठरवून थांबले. चोरून नाही, मुद्दाम, ओठ मिटून, मनात दोन अंक मोजेपर्यंत.

सूर चालू होता. वर चढत होता.

चर्चचा घुमट, मी म्हटलं. उंच छत, दगडी भिंती, आवाज राहणारच. पण घुमटातला आवाज मागचं बोललेलं परत देतो. हा पुढचं गात होता. मी अजून न गायलेली अक्षरं.

मी घाईनं तोंड उघडलं. पकडले जाऊ नये म्हणून, बघा. चोर मी नव्हते आणि पकडले जाण्याची भीती मला वाटत होती.

जिन्यावरून उतरताना पिख्लर मागून म्हणाले, "सूनबाई, ते वर जाताना आधी जरा खालून उचलता, ते कुणी शिकवलं तुम्हाला? लोनी अगदी असंच करायची. मास्तर ओरडायचे तिला. अंगावर काटा आला की हो माझ्या."

मी सूर खालून उचलत नाही. माझे वडील छडीनं टेबलावर मारून सांगायचे: नेमक्या जागी पाय ठेव, घसरत जाऊ नकोस. मी जन्मात कधी सूर खालून उचललेला नाही.

"आपोआप होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

५

त्यानंतर माझा घसा बसला. दुखत नव्हता, लाल नव्हता. नुसता आवाज रोज थोडा कमी होत होता, दिव्यातलं तेल उतरतं तसा. एका सकाळी मी खिडकीतून दूधवालीला हाक मारली तर तिनं मान वर केली नाही. पुन्हा मारली. शेजारच्या छतावरच्या कबुतरांनीही दखल घेतली नाही.

माझ्याजवळ स्वतःचं असं तेवढंच होतं. ते गेलं तर मी या घरात कोण, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला आणि मग जाईना.

घरात मात्र कुणाच्या हे फारसं ध्यानात आलं नाही. मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणारी सून आणखी कमी बोलू लागली तर लोक तिचे गुण गातात.

सासूबाईंना तेवढं कळलं. त्यांनी मध घालून काढा केला, माझ्यापुढे ठेवला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिल्या.

"आई," मी कुजबुजले, "ती कशी गात होती?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "शेवटी शेवटी कसलं गाणं, बाळ. तिला श्वासच पुरत नव्हता. एक घोट पाणी प्यायची आणि धापा टाकायची. मी उशा लावायचे, अजून एक, अजून एक. बसूनच गेली. हे तेव्हा शेजारच्या खोलीत लिहीत बसलेले. धावत आले आणि तिला म्हणाले, लोनी, थांब, मी असं लिहितो की तुला श्वास लागणारच नाही."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. "गोड झाला होता का जास्त?"

रात्री नको म्हणून मी फ्लोरिआनला भर दुपारी गाठलं, मागच्या अंगणात, लाकडं रचताना.

"फ्लोरिआन, मी थांबते तेव्हा कोण गातं?"

तो लाकूड हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं, आता हा सांगणार.

"तू थकली आहेस," तो म्हणाला.

"तू तिचा भाऊ आहेस. तुला तिचा आवाज ओळखू येत नाही?"

"ओळखू येतो," तो म्हणाला. मग लाकूड ढिगावर ठेवलं, नीट बसलं की नाही ते हलवून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणून तर व्हायोलिन घट्ट धरतो."

६

वर्षदिनाच्या सकाळी नदीवरचं धुकं चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. सारं गाव आलं होतं. मी कठड्याशी उभी राहिले. तोपर्यंत मी एक गोष्ट ठरवली होती, आणि ती कुणालाच सांगितली नव्हती.

मी गाणार नव्हते.

माझ्याजवळ उरलेला आवाज मला माझ्याकडे ठेवायचा होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला फजिती हवी होती. ती ओळ यावी, वाद्यं थांबावीत आणि चर्चभर शांतता पडावी. लोकांनी वळून वर बघावं, मामंजींनी नंतर मला फाडून खावं, गावानं वर्षभर माझं नाव घेऊन हसावं. शांतता पडली असती तर सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ झाला असता. एवढ्या आशेनं कुणी स्वतःच्या बेअब्रूची वाट पाहिली नसेल.

ऑर्गन सुरू झाला. पिख्लर तळातून उठले, ऊर्सुलाबाई मधे शिरल्या. माझी जागा आली. मी ओठ मिटले. दात दातांवर ठेवले. दोन्ही हातांनी कठडा धरला.

माझा सूर लागला.

स्वच्छ, भरलेला, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. खालून किंचित उचलून वर गेलेला. मिटल्या तोंडात माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि चर्चभर मी गात होते. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीनं डोळ्यांना रुमाल लावला.

मागे वळण्याचा धीर मला झाला नाही. वळले असते तर त्यांना माझं मिटलेलं तोंड दिसलं असतं, आणि मग काय झालं असतं याची मला कल्पना करवेना. मी खालीच बघत राहिले. म्हणून मला ते दिसलं.

ती लांब ओळ आली. वाद्यं थांबली. आवाज एकटा चढू लागला, आणि मला जिथे श्वास चोरावा लागायचा, बरोबर त्या अक्षराशी, खाली चौकटीवरचं काळं कापड आत ओढलं गेलं.

वारा असता तर मेणबत्त्या हलल्या असत्या. ज्योती सरळ उभ्या होत्या. आणि सगळं कापड हललं नाही. डोक्याच्या बाजूला, तोंड जिथे असायला हवं तिथे, मुठीएवढा खळगा पडला. पट्ट्यांच्या मधे कापड खोल गेलं, ताणलं, थरथरलं. सुटलं. पुन्हा ओढलं गेलं.

आवाज तुटत नव्हता. वर तो सोन्याच्या तारेसारखा अखंड होता. पण खाली कापड ओढलं जात होतं, आता प्रत्येक अक्षराला, मग अक्षरांच्या मधेही, घाईघाईनं, उथळ. ओळ संपायची होती. ती फार लांब लिहिलेली होती. कापडाला एका कडेनं चुण्या पडल्या, आतून कुणी बोटांनी धरावं तशा.

शेवटी तोंडावर शाल ओढून मी खांद्यावरून मागे वर पाहिलं, तर आरशात मामंजींचे डोळे दिसले. ते खाली बघत होते. हसत होते. त्यांना कापड हलताना दिसत होतं, आणि ते एवढंच बघत होते की हलतंय.

७

नंतर घरी सगळ्यांसाठी सूप, उकडलेलं गोमांस आणि किसलेलं तिखट हॉर्सरॅडिश. 'लिबेरा' कुणी म्हटलं नव्हतं. पाद्रीबाबा पुस्तक उघडून थांबले होते, मामंजींनी वरून नकारार्थी मान हलवली, आणि चौकट तशीच सोडून आम्ही जेवायला आलो होतो. मामंजींनी सांगून ठेवलं होतं, रविवारपर्यंत ती हलवायची नाही.

"मी चाळीस वर्षं गातोय," पिख्लर म्हणाले. त्यांचे डोळे अजून लाल होते. "फ्रेंच शिपाई दारात असताना गायलोय. पण सूनबाई, आज तुम्ही... काय आता. मला शब्द सुचत नाही, आणि माझी बायको सांगेल, असं कधी होत नाही."

"ती ओळ!" ऊर्सुलाबाई म्हणाल्या. "श्वास कुठे घेतलास गं तू? मी कान लावून बसले होते. कुठेच नाही!"

"श्वासाची जागाच ठेवलेली नाही त्यात," मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा तापलेला, तरुण दिसत होता. त्यांनी स्वतः उठून माझ्या पेल्यात वाइन ओतली, लग्नानंतर पहिल्यांदाच. "थेक्ला, पोरी, आता दर रविवारी. दर रविवारी तू त्या कठड्याशी उभी राहायचीस. अजून लांब लिहितो आता. अजून कितीतरी लांब."

फ्लोरिआन ताटात बघत होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. वाढण्याचा चमचा त्यांच्या हातात अर्ध्यावर थांबला होता, त्यातून थेंब टेबलाच्या कापडावर पडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. मला वाटतं, त्या खाली पहिल्या बाकावर बसल्या होत्या तिथून त्यांनाही कापड दिसलं असावं. आणि त्यांनी उशा लावल्या होत्या. त्यांना ते ओळखता आलं असणार.

मी गळ्यावर हात ठेवला. कित्येक दिवसांत मी पूर्ण वाक्य मोठ्यानं बोलले नव्हते. काय निघेल, आणि कुणाचं निघेल, याची मला खात्री नव्हती.

निघालं ते खरखरीत होतं, लहान होतं, माझ्या वडिलांच्या शाळेतलं होतं. माझं होतं.

"मामंजी, आज मी तोंड उघडलंच नाही," मी म्हणाले. "आणि तिला अजूनही श्वास पुरत नाहीये."